आधी खोट, मग चहा

ताईंच्या दुकानावर पाटी होती ती सोफे आणि खुर्च्या भरून देण्याची, आणि आठवड्याचे सहा दिवस तिथे तेच चालायचं. रविवारी सकाळी मात्र तिथे माणूस सोलला जायचा. माणूस ठरलेला होता. ताईंचा धाकटा भाऊ.

हा भाऊ गिटारवर ब्लूज वाजवायचा. ब्लूज म्हणजे एका अर्थी रडगाणंच, पण असं रडगाणं की ऐकून उठलेला माणूस हलका होऊन घरी जातो, आणि घरी आधीच कुणी रडत असेल तर त्याचीही समजूत काढतो. वाजवताना हा डोळे गच्च मिटून घ्यायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं की कुणी बघत नाही, त्यातली गत. म्हणून चाहत्यांनी त्याचं नाव बोका ठेवलं होतं, आणि आता बँकेतला कारकूनसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायचा.

चाहते हा शब्द इथे जरा सांभाळून घ्यायला हवा. इतरांचे चाहते फुलं देतात, फोटो काढून घेतात. बोक्याचे चाहते त्याचा पंचनामा करायचे. शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम झाला की रविवारी सकाळी मंडळी दुकानात हजर. नियम एकच होता, आणि तो कुणी केला हे आता कुणालाच आठवत नव्हतं: आधी खोट, मग चहा. ज्याला आदल्या दिवशीच्या वाजवण्यातली एकही खोट सापडत नाही तो कान घरी ठेवून आला होता असं धरलं जाई, आणि त्याला चहा मिळत नसे. खोट काढून झाली की मग पोटभर कौतुक करायला कुणाची ना नव्हती. ज्याची खोट सगळ्यात वर्मी लागेल त्याला दुकानातली नवी भरलेली खुर्ची. बाकीच्यांनी स्प्रिंगा बाहेर आलेल्या सोफ्यांवर जमेल तसं टेकायचं.

बोका स्वतः या सभेला नसायचा. तो लाकडी पार्टिशनमागच्या खोलीत दाढी करत असायचा, नाहीतर झोपेचं सोंग घेऊन पडलेला असायचा. तो सगळं ऐकतोय हे सगळ्यांना माहीत, आणि त्यांना माहीत आहे हे त्यालाही माहीत. तरी आवाज खाली आणायचा नाही, हा शिष्टाचार. एखादी खोट नाकाला झोंबली की पार्टिशनचं दार धाडकन उघडायचं आणि अर्ध्या गालाला फेस लावलेला बोका गिटार घेऊन बाहेर यायचा. "कोण म्हणालं लय सुटली? ऐक! ऐक आता!" तेवढाच तुकडा तो तिथल्या तिथे पुन्हा वाजवायचा, आणि तो आदल्या दिवसापेक्षा हमखास बरा यायचा. हे सगळं कशासाठी चालतं, ते यातच आलं.

ताई मात्र पंचनाम्यात कधी बोलल्या नाहीत. त्यांच्या तोंडात कायम बारीक खिळे असत. एकेक खिळा ओठांतून काढायचा, कापडावर धरायचा, हातोडी मारायची. रविवार असला म्हणून हात रिकामे ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शिवाय भावाची खोट बहिणीने चारचौघांत काढावी हे त्यांना पटत नसे. घरात काढायच्या तेवढ्या त्या काढतच होत्या.

गेल्या वर्षी बोक्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. रुग्णवाहिका आली, पण ती त्या भागातली एकुलती एक आणि वयाने बोक्याच्या बरोबरीची. पुलाच्या चढावर तिने मान टाकली. मग तिचा ड्रायव्हर आणि समोरचा बेकरीवाला, दोघंही रविवारच्या मंडळींतले, आणि रस्त्यावरची चार माणसं मागून ढकलायला, आणि स्टिअरिंगवर कोण, तर ताई, ज्यांनी जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती. आत पडलेला बोका वाकड्या तोंडाने जेमतेम एवढंच म्हणाला, "ताई, फुटपाथ." ही हकीकत ड्रायव्हर आजही सांगतो आणि हसता हसता डोळे पुसतो.

बोका वाचला. बोलणं परत आलं, पाय परत आला, डावा हातही बराचसा आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तेवढं हट्टाला पेटलं. आणि आणखी एक गोष्ट झाली, जी डॉक्टरांच्या कुठल्याच कागदावर नव्हती. बोका सभ्य झाला. जो माणूस आंघोळीला जाताना "ताई, टॉवेल!" असं बोंबलायचा, तो आता दारात उभा राहून म्हणायचा, "ताई, तुला त्रास नसेल तर जरा टॉवेल देतेस का?"  ताईंना वाटायचं, हा कुणीतरी पाहुणा घरात राहायला आलाय आणि त्याला परत जायची घाई आहे.

नव्या रुग्णवाहिकेसाठी निधी उभा करायचं ठरलं, तेव्हा कार्यक्रम कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. बोका हो म्हणाला, पण त्या रात्री जेवताना ताईंना त्याने शांतपणे सांगितलं, "हा एक वाजवतो. रविवारी पंचनामा ऐकतो. त्यावरून ठरवतो, पुढे वाजवायचं की गिटार देऊन टाकायची."

ताईंनी ताट बाजूला सारलं. भावाच्या खोटी काढण्यात ही मंडळी किती निर्दय आहेत हे त्यांनी वीसेक वर्षं खिळे ठोकत ऐकलं होतं. गणिताच्या बाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, पर्सवर बोटांनी मात्रा मोजत बसणाऱ्या बाई, एकदा म्हणाल्या होत्या, "संथ म्हणजे संथ रे, पण तुझं गाणं वाटेत जेवायला थांबतं का?" बेकरीवाला पहाटे उठणारा, त्यामुळे कार्यक्रमात तो नेहमी झोपायचा. तरी त्याची खोट तयार असायची: "मला जाग आली ती चुकीच्या सुराने." असल्या जिभांपुढे हा आजारातून उठलेला जीव कसा टिकणार?

तेव्हा दुसऱ्या सकाळी ताई उठल्या आणि एकेकाकडे जाऊन आल्या. बाईंच्या घरी, बेकरीच्या भट्टीपाशी, दवाखान्याच्या आवारात ड्रायव्हर गाडी धूत होता तिथे. सगळीकडे एकच मागणं: "या खेपेला खोट काढायची नाही. माझ्या गळ्याची शपथ." तिघांनीही शपथ घेतली. बाईंना ती जरा जड गेली, पण घेतली.

कार्यक्रम झाला. सभागृह दारापर्यंत भरलं होतं. बोका डोळे मिटून वाजवत होता, लोक टाळ्या वाजवत होते, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

रविवारी सकाळी मंडळी आली आणि सोफ्यांवर टेकली. ताईंनी पहिली चूक इथेच केली. कुणी तोंड उघडायच्या आतच त्यांनी चहा ओतला. पार्टिशनमागे चाललेला वस्तऱ्याचा आवाज थांबला.

"काय वाजवलं!" ड्रायव्हर म्हणाला. तो नको तितक्या मोठ्याने म्हणाला. "मी तर रडलो. माझ्या शेजारी अग्निशामक दलाचे दोघं बसले होते, एवढे आडदांड, तेही रडले. मी त्यांना रुमाल दिला."

"एकच रुमाल?" बेकरीवाल्याने विचारलं.

"एकच होता. फिरवला."

"मी तर सबंध कार्यक्रम जागा होतो," बेकरीवाला म्हणाला. हे इतकं धडधडीत खोटं होतं की तो स्वतःच खाली बघायला लागला. "म्हणजे डोळा लागलाच नाही. असं कधी झालंय का? नाही ना? मग बघा."

आता सगळे बाईंकडे बघायला लागले. बाईंच्या चेहऱ्यावर, गाळलेल्या पायरीचं उत्तर बरोबर धरावं लागलं तर शिक्षकाच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो होता. "लय," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. मग म्हणाल्या, "लय अगदी लयीत होती."

"सूरही सुरात होता," ड्रायव्हर म्हणाला.

"प्रकाशयोजनाही छान होती," बेकरीवाला म्हणाला, म्हणजे आता कौतुकाचं पीठही संपत आलं होतं.

तिघंही चहा प्यायला लागले. तो चहा कुणाच्याच घशाखाली सरळ उतरत नव्हता, कारण त्या दुकानात फुकटचा चहा कुणी कधी प्यायलाच नव्हता. ताई खुर्चीच्या पाठीला कापड ताणत होत्या, तोंडात खिळे, आणि मनात म्हणत होत्या, झालं, सुटलो एकदाचे.

पार्टिशनचं दार उघडलं. धाडकन नाही, हळूच. बोका बाहेर आला. दोन्ही गाल गुळगुळीत, इस्त्रीचा शर्ट, हातात गिटारची पेटी. त्याने सगळ्यांना नमस्कार केला.

"आपण सगळे आवर्जून आलात, फार बरं वाटलं," तो म्हणाला.

ड्रायव्हरच्या हातातला कप बशीवर वाजला. बोक्याने त्याला आजवर 'आपण' तर सोडाच, पुरतं 'तू'सुद्धा नीट म्हटलेलं नव्हतं.

"ही मी शाळेला देणार आहे," बोक्याने पेटी शिवणयंत्राच्या टेबलावर ठेवली. "बाई, तुमच्या ओळखीने होईल ते. पोरं वाजवतील."

"अरे पण का? आम्ही तर सगळं चांगलंच बोललो की!" बेकरीवाला म्हणाला.

"तेच ना," बोका म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि ताईंना त्याचीच भीती वाटली. "इतकं गोड माणूस गेल्यावर बोलतात. आजवर तुम्ही मला एवढ्या शिव्या घातल्यात, तेव्हा मला कळायचं की आपण अजून वाजवतोय. आज तुम्ही माझ्याकडे सांत्वनाला आल्यासारखे बसलायत. मला कळलं. वाईट वाटून घेऊ नका."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. ताईंनी खिळे तळहातावर काढले. "मीच शपथ घातली त्यांना," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं होतं, खोट काढू नका. त्यांचा काही दोष नाही."

बोका हसला. अगदी समजूतदार हसला. "म्हणजे झाकावी लागावी एवढी खोट होती. बरोबर आहे, ताई. तू माझ्या भल्यासाठीच केलंस. उपकार आहेत तुझे."

ते 'उपकार' मात्र ताईंच्या टाळक्यात गेलं. वर्षभर साठलेलं सगळं त्या एका शब्दाने पेटलं. त्यांनी हातोडी टेबलावर आपटली.

"उपकार गेले खड्ड्यात! खोट हवी ना तुला? घे. शेवटी तू ते 'जुनं दुखणं' वाजवलंस."

'जुनं दुखणं' ही बोक्याची स्वतःची रचना. तिच्या शेवटी तो करंगळीशेजारच्या बोटाने एक तार अशी ओढायचा की सूर वर, अजून वर, पार गळ्याशी यायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं आता ही तार तुटणार, नाहीतर आपण तरी तुटणार.

"तिथे आलास," ताई म्हणाल्या, "आणि बाजूने निघून गेलास. खालच्या तारेवरून, पाऊल न वाजवता, चोरासारखा. गोड वाजलं. लोकांनी टाळ्याही दिल्या. पण तू तार ओढलीच नाहीस."

बोक्याच्या चेहऱ्यावरचा समजूतदारपणा जागच्या जागी राहिला, पण जरा तिरपा झाला. "बोट चालत नाही, ताई. तुला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे ते मी सांगते. रोज दुपारी तू आत दार लावून बसतोस आणि मी इकडे यंत्र बंद करते. गिऱ्हाइकाला वाटतं बाई जेवायला बसली. मी ऐकत बसते. रोज ओढतोस तू ती तार. कधी अर्धी येते, कधी घसरते, कधी बेसूर होऊन असं काही ओरडते की समोरचं कुत्रं भुंकतं. पण ओढतोस! परवा तर आली होती. जवळजवळ आली होती. मी इथे एकटी उभी राहून..." ताईंचा आवाज चिरकला, पण त्यांनी तो तसाच पुढे रेटला. "आणि काल एवढं सभागृह समोर, तर बाजूने गेलास. बोट नव्हतं घाबरलं. तू घाबरलास. चुकला असतास तर मला चाललं असतं रे. तू चुकायलाच गेला नाहीस. ही तुझी खोट."

 भावाची खोट चारचौघांत काढली म्हणून ताईंना शरम वाटायला हवी होती. ती आली नाही. 

मग बाईंनी कप खाली ठेवला. "दुसऱ्या गाण्यात तू एक मात्रा खाल्लीस," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या अंगात एकदम तरतरी आली. "तिसऱ्यातही खाल्लीस. चौथ्यात तू दोन परत दिल्यास, पण त्या आधीच्या नव्हत्या."

"मी झोपलो होतो," बेकरीवाला म्हणाला. "पहिल्या गाण्यापासून झोपलो होतो, आणि तू मला एकदाही उठवलं नाहीस. एकही सूर चुकवला नाहीस. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, पण मी झोपेत होतो."

"आणि ते भाषण!" ड्रायव्हर उठून उभाच राहिला. "कार्यक्रम कुणाचा? माझ्या गाडीचा. आणि तू तिचे किती आभार मानलेस! माझे प्राण वाचवले म्हणे तिने. तिने? ती तर चढावर बसली होती! ढकललं कुणी? माझा खांदा अजून दुखतो!"

"हळू बोल," बेकरीवाला म्हणाला, "खांदा माझा दुखतो. तू एका हाताने ढकलत होतास, दुसऱ्या हाताने टोपी धरली होतीस."

"वारा होता!"

"कोण म्हणालं मात्रा खाल्ली?" बोका म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण सगळे त्याच्याकडे वळले. त्याच्या गुळगुळीत गालांवर लाली चढायला लागली होती.

"मी म्हणाले," बाई म्हणाल्या. "पर्सवर मोजली आहे."

"तुमची पर्स चुकली!"

"माझी पर्स? अरे, माझ्या पर्सने शाळेच्या घंटेची चूक काढलेली आहे."

बोक्याने पेटी उघडली. खटके उघडताना त्याचे हात घाईने अडखळले. दुसरं गाणं त्याने उभ्याउभ्याच वाजवलं, डोळे उघडे ठेवून, बाईंच्या बोटांकडे रोखून बघत. मात्रा खरंच खाल्ली होती. ती त्याला सापडली तेव्हा त्याने एक अशी शिवी दिली की बाईंनी कान झाकून घेतले आणि हसू लपवलं. मग तो बाकावर बसला, गिटार मांडीवर घेतली, आणि 'जुनं दुखणं' शेवटाकडून धरलं.

ती जागा आली. बोट तारेवर टेकलं, ढकललं गेलं, थरथरलं. सूर निघाला, अर्ध्या वाटेवर दमला आणि खाली घसरला.

"कमी पडला," बाई म्हणाल्या.

"मला कान आहेत!"

पुन्हा. या वेळी सूर जरा वर गेला आणि तिथे असा काही किंचाळला की बेकरीवाल्याने कपावर हात ठेवला.

"आता जास्त झाला," ड्रायव्हर म्हणाला.

"तू गाडी चालव रे!"

पुन्हा. पुन्हा अर्ध्यात. ताईंना राहवलं नाही. "बोट आडवं पडतंय तुझं, जरा उभं धर की—"

"ए ताई, तू गप्प बस गं!" बोका खेकसला. "तुला काय कळतंय त्यातलं? खिळे ठोक तुझे!"

ताईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. वर्षभर घरात राहिलेला तो पाहुणा एकदाचा गेला होता, आणि त्याच्या जागी त्यांचा उद्धट, तापट, सख्खा भाऊ बाकावर बसून दात ओठ खात होता. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्या ते पुसायच्या भानगडीत पडल्या नाहीत.

तेवढ्यात एक गृहस्थ दारात आले. त्यांची जेवणाच्या टेबलाची खुर्ची भरायला दिलेली होती. आत बघतात तो काय, एक माणूस गिटारवर तोच तोच सूर बिघडवतोय, तिघंजण त्याच्यावर ओरडतायत, आणि दुकानाच्या मालकीणबाई उभ्या राहून रडतायत. गृहस्थ चपापले.

"मी नंतर येऊ का?" त्यांनी ताईंना विचारलं. "घरात काही झालंय का?"

मागे तार पुन्हा वर चढायला लागली, चढली, आणि घसरली. बोक्याने बाकावर मूठ आपटली आणि पुन्हा सुरुवात केली.

"काही नाही हो," ताई म्हणाल्या. "माझा भाऊ चुकतोय."

गृहस्थांना काही कळलं नाही, पण ताईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी अभिनंदन केलं.